टिकलीची खाज आणि साहेबांचे हार्मोन

रेवा आणि ओम,

गेल्या वर्षी तुमच्याकडे न्यूझीलंडला आले, तेव्हा विमानतळावर गणवेशातल्या एका मुलीने मला विचारलं, "अलीकडे तुम्ही गोठ्यात, शेतात किंवा मेंढरांजवळ गेला होतात का?" मी खरं ते सांगितलं. "अलीकडे नाही. त्याआधी जन्मभर." तिने माझ्या चपला मागून घेतल्या, तळ घासून धुतले आणि कागदात गुंडाळून परत दिल्या. तुमच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला मात्र त्या मुलीचं कौतुक वाटलं. आपलं काम मन लावून करणारं माणूस दिसलं की मला त्याला चहा पाजावासा वाटतो.

ती मुलगी ज्या रोगांना दारातच अडवत होती, त्यांतल्या एकाबद्दल मी गाडीत तुम्हाला सांगायला लागले होते. ओमने विचारलं, "मेंढीला नक्की काय होतं?" मी म्हटलं, "खाज सुटते." तेवढ्यात तुमच्या आईने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि समुद्र किती निळा आहे ते सांगायला सुरुवात केली. राहिलेली गोष्ट या दिवाळी अंकाच्या निमित्ताने पुरी करते. आई वाचून दाखवताना काही गाळते आहे असं वाटलं, तर अंक तिच्या हातून काढून घ्या. बाकीच्या वाचकांनीही खुशाल मागच्या सीटवर बसावं. जागा आहे.

मी, तुमची आजी, जनावरांची डॉक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत गेली. शाळा नाशिकची, इंग्रजी माध्यमाची. तिथल्या नन आम्हाला रुमालाच्या घडीवरून मार्क देत. ती सवय जन्माची चिकटली. माझ्या बॅगेत सुया, सिरिंज, दोरा, कात्री, भिंग, प्रत्येकाचा कप्पा ठरलेला. दवाखान्यात नवा शिपाई आला की जुना त्याला पहिली दीक्षा देई, "बाईंच्या बॅगेला हात लावायचा नाही आणि बाईंच्या कपाचा कान उजव्या बाजूला ठेवायचा." दोन्ही सूचना रास्त होत्या.

आमच्या धंद्याची अडचण अशी, की रोगी बोलत नाही आणि मालक थांबत नाही. आणि मालक काय विचारेल याचा नेम नाही. सूर्यमाळच्या एका पाड्यावरचे आजोबा ऐन मे महिन्यात शेळी खांद्यावर घालून आले. शेळी ठणठणीत होती. आजोबा म्हणाले, "बाई, हिला तहान कमी लागंल असा इंजेक्शन द्या. घरात हंडाभर पाणी येतो, त्यातला अर्धा हीच पिते." मला हसू आलं नाही, कारण प्रश्न शास्त्राला धरून होता. शरीरातलं पाणी राखून ठेवायचं काम एक हार्मोन करतो. मी आजोबांना तसं सांगितलं आणि हेही सांगितलं, की राखायला मुळात पाणी लागतं. आजोबांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे तो पण टँकरचीच वाट बघतो." हार्मोन या विषयावर मी ऐकलेलं हे सर्वांत छोटं व्याख्यान, आणि त्यात एकही चूक नाही.

हार्मोन म्हणजे रक्तातून फिरणारे निरोपे. मेंदू आपला डोक्याच्या कवटीत बसून हुकूम सोडतो: आता घाबर, आता झोप, आता पाणी राख, आता माजावर ये. निरोपे ते हुकूम घेऊन अंगभर धावतात. मेंदू शहाणा असेल तर कारभार नीट चालतो. मेंदू बिघडला तर निरोपे भलत्याच दारावर भलत्याच वेळी जाऊन ओरडतात. पुढच्या गोष्टीसाठी तुम्हाला एवढं पुरे.

आता मेंढ्या. आमच्या डोंगरात शेळ्या घरच्या, पण मेंढ्या पाहुण्या. भात कापून झालं की सिन्नरकडचे धनगर आपले कळप घेऊन घाट उतरतात. दिवसा मेंढ्या मोकळ्या रानात चरतात आणि रात्री एखाद्याच्या रिकाम्या भातखाचरात बसतात. मेंढ्या रात्रभर जे काही खाली सोडतात ते पुढच्या भाताचं खत. हसू नका, तुम्ही खाता तो भात काही अत्तरावर वाढत नाही. शेतकरी बदल्यात धनगराला धान्य देतो. कळप आपल्याच खाचरात बसावा म्हणून गावात काय काय राजकारण चालतं, त्यापुढे आमच्या खात्यातल्या बदल्या काहीच नाहीत.

माझ्या निवृत्तीआधीच्या हिवाळ्यात हौसाबाई या धनगरणीचा कळप मोखाड्याजवळ पोशेऱ्याला काळू नावाच्या शेतकऱ्याच्या खाचरात उतरला होता. हौसाबाई पन्नाशीची, उंच, आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची मेंढी वळून बघेल. तिचा नवरा अर्धा कळप घेऊन पुढे जामसरकडे गेला होता. तिच्या वाट्याच्या कळपाची पुढारी होती टिकली, कपाळावर काळा ठिपका असलेली पांढरी मेंढी. टिकली निघाली की बाकीच्या मागे निघत. टिकली थांबली की थांबत. अशी मेंढी एका दिवसात तयार होत नाही. घाट चढताना, रस्ता ओलांडताना सगळा कळप तिच्या एकटीच्या भरवशावर असतो.

मला फोन आला तो काळूचा, हौसाबाईने करायला लावलेला. काळू बरीच वर्षं ठाण्याला बांधकामावर राबून आलेला, त्यामुळे त्याच्या बोलण्यात ठाणं अधूनमधून डोकवायचं. "मॅडम, डायरेक या. टिकली पागल झाली. झाडाला आंग घासून घासून लोकर काढून टाकली."

जाऊन पाहिलं तर खरंच, टिकली आंब्याच्या खोडाला कूस घासत होती आणि थांबत नव्हती. मानेवर आणि खांद्यावर लोकरीचे पट्टे गेले होते. मी गोचिडी शोधल्या, मिळाल्या नाहीत; कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, खरजेचे किडे नव्हते. तरी खरजेचं इंजेक्शन दिलं. काही दिवसांनी परत गेले, टिकली तशीच. मग मी तिच्या पाठीवर बोटांनी खाजवलं. तिने मान वर केली, डोळे अर्धे मिटले आणि ओठ असे हलवायला लागली, जणू हवेतलं पान खाते आहे.

हे चित्र मला माहीत होतं. आमच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात एका थंड देशातली मेंढी होती, दगडी कुंपणाला अंग घासणारी, ओठ हलवणारी. खाली रोगाचं नाव होतं, स्क्रेपी. खाज सुटलेली कुठलीही मेंढी पाठ खाजवली की असे ओठ हलवते, हेही मला माहीत होतं. पण आमच्या जिल्ह्याच्या साहेबांशी फोनवर बोलताना मी ते नाव सहज उच्चारलं, आणि पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं रेंज गेली.

"डॉक्टर," साहेब हळूच म्हणाले, "परत सांगा."

साहेब हुशार होते, सज्जन होते, आणि पीएच.डी. करत होते. विषय होता, स्क्रेपी झालेल्या मेंढ्यांमधले हार्मोनचे बदल. परदेशातलं वाचून वाचून त्यांनी सगळी तयारी केली होती. अडचण एकच. स्क्रेपी झालेली मेंढी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आपल्याकडे हा रोग सापडतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे हॉल ठरलाय, आचारी सांगितलाय, घोडा दारात उभा आहे आणि वधूचा पत्ता नाही, अशी त्यांची अवस्था. त्यात मी फोन करून पोशेऱ्याचं स्थळ सुचवलं.

हा रोग काय असतो ते सांगते. तो जंतूंमुळे होत नाही, विषाणूंमुळेही नाही. प्रायॉन नावाच्या एका प्रथिनाची घडी चुकते, बस. तुमच्या माझ्या मेंदूत हे प्रथिन असतं आणि गुण्यागोविंदाने राहतं. आता माझ्या कपाटातली साड्यांची चळत डोळ्यांपुढे आणा. समजा एक साडी कुणीतरी बोळा करून कोंबली. आता तो बोळा शेजारच्या साडीला सांगतो, तूही अशीच हो. ती तिसरीला सांगते. होता होता काही वर्षांत सगळं कपाट बोळ्यांचं. मेंदूची अशी चाळण होते. मेंढी खाजवत सुटते, थरथरते, झोकांड्या खाते आणि मरते. औषध नाही. मला विचाराल, तर निसर्गाने याहून गलिच्छ रोग काढलेला नाही. मेंढीपासून तो माणसाला लागल्याचं मात्र कुठे दिसलेलं नाही. हे वाक्य ध्यानात असू द्या.

मेंदू असा बिघडला की निरोपेही बिघडतात. ताणाचा एक हार्मोन असतो, कॉर्टिसॉल. संकट आलं की तो चढतो, टळलं की उतरतो. या रोगाच्या मेंढ्यांत तो चढलेलाच राहतो असं साहेबांनी वाचलं होतं. म्हणून त्यांनी हुकूम सोडला, टिकलीचं रक्त पाठवा.

रक्त काढायला काळूने उत्साहाने तीन शेजारी आणले. एकाने पाय धरले, एकाने पाठ, एक जवळजवळ टिकलीवर बसलाच. हौसाबाईचं कुत्रं या सगळ्यांवर भुंकत होतं आणि हौसाबाई कुत्र्यावर. त्या गदारोळात मी मानेच्या शिरेतून रक्त घेतलं, बर्फात घातलं आणि पाठवून दिलं. निकाल आल्यावर साहेबांचा फोन आला. आवाजात असा आनंद, की घरात बाळंतपण सुखरूप झालं असावं.

"वाढलाय! डॉक्टर, कॉर्टिसॉल वाढलाय!"

"साहेब, चार माणसं माझ्या अंगावर बसली आणि कानात कुत्रं भुंकलं, तर माझाही वाढेल."

साहेब न्यायी होते. म्हणाले, बरोबर, मग शांतपणे परत घ्या. दुसऱ्या खेपेला मी सगळ्यांना हाकललं. हौसाबाईने टिकलीचं डोकं मांडीवर घेतलं, कानात काहीतरी पुटपुटली, आणि मी सुई कधी घातली ते टिकलीला कळलंसुद्धा नाही. तरीही कॉर्टिसॉल चढाच निघाला. अर्थात ज्या जिवाला अखंड खाज आहे आणि झोप नाही, त्याचा तो चढणारच. कॉर्टिसॉल म्हणजे रडणारं तान्हं मूल. काहीतरी बिनसलंय एवढं ते नक्की सांगतं. पोट दुखतंय की मुंगी चावली, ते सांगत नाही. पण साहेबांना मूल का रडतंय ते आधीच ठाऊक होतं.

"आता खात्री करायची," ते म्हणाले. "मेंदू तपासायला हवा. मी स्वतः येतो."

मेंदू तपासायचा म्हणजे टिकलीला मारायचं. आता पापणीच्या आतल्या तुकड्यावरही तपासणी करतात म्हणे, पण ती सोय आमच्याकडे नव्हती. नोकरीत अशी खात्रीसाठी मारलेली जनावरं मी पाहिली आहेत. त्यांतली कितीतरी निरोगी निघाली. 'निरोगी' असा शेरा येतो, आणि तो नेऊन द्यायचा कुणाला ते समजत नाही. या एका गोष्टीचं वाईट वाटणं माझं निवृत्तीनंतरही निवृत्त झालेलं नाही.

हौसाबाईला सांगायला मीच गेले. दुपार होती. ती दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती.

"म्हंजी मुंडकं नेणार?" तिने विचारलं.

"हो."

"आन निघाला रोग, मंग?"

"मग बाकीच्या मेंढ्यांना इथून हलवता येणार नाही. पुढचं वरून ठरेल."

"आन न्हाई निघाला तर टिकली परत देणार व्हय?"

मी बॅगेचे कप्पे उगीचच उघडले आणि बंद केले.

हौसाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. मग इकडेतिकडे पाहिलं, काळू मोखाड्याला बाजाराला गेला होता, आसपास कुणी नव्हतं. ती माझ्याजवळ सरकली आणि असा आवाज काढला, की तो तिचा आहे यावर विश्वास बसू नये.

"बाई, एक इचारू? कुनाला सांगायचं न्हाई. मालकालाबी न्हाई."

"विचार."

"मलाबी खाजतंय." तिने चोळीची बाही वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत नखांचे लाल ओरखडे. "मानंला, पाठीला. टिकलीला लागल्यापासनं. माज्याबी मेंदूत गेलं का वो ते?"

किती दिवस ती बाई ही भीती पोटात घेऊन भाकऱ्या थापत होती, कोण जाणे. मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, "हौसाबाई, हा रोग माणसाला लागत नाही. आणि मेंढीलासुद्धा लागल्यावर दिसायला वर्षं जातात. तुम्हा दोघींना एकदमच खाज सुटली, म्हणजे ती मेंदूतून आलेली नाही, बाहेरून आली आहे. तुझ्यात आणि टिकलीत सारखं काय आहे, ते आधी सांग."

"माज्यात आन टिकलीत?" तिला जरा राग आला. "मी मानूस हाय, बाई."

"तसं नाही. तुम्ही दोघी एकाच जागी कुठे बसता, झोपता?"

"आसं व्हय. माज्या घोंगडीवर येऊन बसती की ती. हाकललं तरी उठत न्हाई. लाडकी हाय ना."

"आणि दिवसा घोंगडी कुठे असते?"

तिने हात केला. खाचराच्या कडेला काळूचा वालाचा मळा होता, हिरवागार, शेंगांनी लगडलेला. त्याभोवती कारवीच्या काटक्यांचं कूड. कुडावर घोंगडी वाळत घातली होती.

मी भिंग घेऊन कुडाजवळ गेले. काटक्यांच्या मधून मधून, एका ओळीत, अगदी माझ्यासारख्या माणसाने बांधल्याप्रमाणे व्यवस्थित, तपकिरी मखमली शेंगांचे घोस बांधलेले होते.

खाजकुयली.

तुमच्या देशात ही वेल नाही. असती तर त्या मुलीने विमानतळावर मला दोनदा धुतलं असतं. आमच्या डोंगरात ती जिकडेतिकडे असते. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की त्यांवरची सोनेरी लव वाऱ्यावरही उडते, आणि अंगाला लागली की माणूस जात, वय, हुद्दा विसरून खाजवतो. घोंगडीच्या लोकरीत भिंगाखाली ती लव चमकत होती. टिकलीच्या मानेवर आणि खांद्यावर, जिथे लोकर गेली होती नेमकी तिथे, तीच लव. पुढारी म्हणजे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त वाल चोरणार. रोज संध्याकाळी टिकली कुडात मान घालत असणार, शेंगा अंगावर झाडून घेत असणार, आणि मग येऊन मालकिणीच्या घोंगडीवर बसत असणार. बाकीच्या मेंढ्या मागे उभ्या राहून वाट बघत, म्हणून वाचल्या.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि असं उत्तर दिलं, की मला आजही त्याचं कौतुक वाटतं.

"डॉक्टर, रोगामुळे ती झुडपांना अंग घासते, म्हणून लव लागली. लव लागली म्हणून घासते असं कशावरून?"

"पण त्या बाईलाही खाज आहे, साहेब."

"मग बाईला खाजकुयली लागली असेल. मेंढीचं वेगळं. शिवाय कॉर्टिसॉलचं काय? उद्या सकाळी येतोच मी."

वाद तर्काने जिंकता येणार नाही हे मला कळलं. घोडा दारात उभा असलेल्या माणसाला तर्क सांगायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. साहेब उतरले, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. मागून ड्रायव्हरने बर्फाची पेटी उतरवली. ती किती मोठी आहे हे हौसाबाईने पाहिलं, मग टिकलीच्या डोक्याकडे पाहिलं आणि टिकलीच्या गळ्याभोवती हात टाकून खाली बसली. काळू आंब्याखाली उभा होता, कुणाशी नजर न मिळवता.

"साहेब, इतक्या लांबून आलात," मी म्हटलं. "आधी बसा. चहा होतोय."

आणि मी घोंगडी अंथरली. दवाखान्यातली खुर्चीसुद्धा पुसल्याशिवाय कुणाला न देणारी मी, ती घोंगडी न झटकता अंथरली. वर तिचे कोपरे जोडून सरळ केले. हौसाबाईने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या डोळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदाच जीव आला.

साहेब मांडी घालून बसले. माणूस मनाने चांगला. ज्या बाईची मेंढी न्यायची, तिला कारण समजावून सांगायला हवं असं त्यांना वाटलं. "हे पाहा मावशी, मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते," त्यांनी सुरुवात केली आणि पोटरी खाजवली. "ती मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथींना निरोप पाठवते," मांडी खाजवली. "निरोगी मेंढीत हे प्रमाण दिवसा," मान खाजवली, "आणि रात्री," दुसरी मान, म्हणजे मानेची दुसरी बाजू. चहा आला. कप त्यांनी जमिनीवर ठेवला, कारण दोन्ही हात कामात होते. पलीकडे टिकली आंब्याच्या खोडाला अंग घासत होती. थोड्या वेळाने दोघांचा ठेका एक झाला.

"आगं आई गं," हौसाबाई मोठ्याने म्हणाली, आता तिचा मूळ आवाज परत आला होता, "सायबाला लागला की रोग!"

ड्रायव्हर खोकल्याचं निमित्त करून जीपमागे गेला.

"साहेब," मी अगदी खात्यातल्या आवाजात विचारलं, "लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला या रोगाला साधारण किती काळ लागतो?"

"वर्षं लागतात, डॉक्टर. तुम्हाला माहीत आहे. मेंढीतसुद्धा निदान दोन..." ते बोलता बोलता थांबले. हात मात्र थांबला नाही. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग टिकलीकडे. मग घोंगडीकडे, कुडाकडे आणि शेवटी माझ्याकडे. हुशार माणूस असला की असा प्रवास डोळ्यांनीच पुरा होतो.

"डॉक्टर, ही घोंगडी तुम्ही झटकली नव्हती?"

"नाही साहेब. पुरावा झटकत नाहीत."

काळूला आता राहवेना. तो पुढे आला. "सायेब, मॅडम, मी तं फक्त वालासाठी लावली. मेंढरां आत शिरतात म्हनून. मना वाटला थोडा खाजंल, पळून जातील. तुम्ही बोलला डोक्यातला आजार, मना वाटला तो अलग असंल."

"मंग बोलला का न्हाईस?" हौसाबाई गरजली. "माजं जनावर कापायला निगाले, आन तू झाडाखाली उबा!"

"बोललो असतो तं तू कळप उठवून शेजाऱ्याच्या शेतात नेला असता," काळू म्हणाला. "मुंडकं नेतात हा मना आज ती पेटी बगून कळला. आईशप्पत."

यावर हौसाबाईने काळूच्या सात पिढ्यांची जी विचारपूस केली, ती तुमची आई वाचणार नाही, म्हणून मीच गाळते.

साहेब उठून उभे राहिले होते. शर्टाची इस्त्री गेली होती. मला वाटलं, आता माझी बदली नक्की. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, तेवढ्यात कुठे पाठवतील याचा मी अंदाज बांधत होते. पण ते कळवळून म्हणाले, "डॉक्टर, मेंढीला हे इतके दिवस होतंय?"

"हो साहेब."

"इतकं?"

"तिला हात नाहीत, म्हणजे याहून जास्त."

ते ड्रायव्हरला म्हणाले, "पेटी जीपमध्ये ठेव." पेटी जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नाही असं नाही. इतक्या वर्षांचं वाट पाहणं त्या पेटीत होतं, आणि ती रिकामी परत चालली होती. मला त्यांचं खरंच वाईट वाटलं. म्हणूनच मी त्यांना धीर द्यायला म्हटलं, "साहेब, तुमचंही रक्त घेऊन ठेवू का? नुसत्या खाजेने कॉर्टिसॉल किती चढतो, ते समजेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाही वर केली. शास्त्रज्ञ तो शास्त्रज्ञच. मी त्यांच्या हाताची शीर शोधली, रक्त घेतलं, नळीवर चिठ्ठी चिकटवली आणि ठरलेल्या कप्प्यात ठेवली.

तोवर काळू घरी पळत जाऊन गाईचं ताजं शेण पाटीभर घेऊन आला. खाजकुयलीवर आमच्याकडे हाच उपाय. पाणी लावायचं नाही, चोळायचं नाही. शेणाचा जाड लेप द्यायचा, वाळू द्यायचा आणि खरवडून काढायचा, लव त्याबरोबर निघून येते. साहेबांनी शर्ट काढला, तो मी घडी घालून जीपच्या बोनेटवर ठेवला. बनियनवर उभे असलेले साहेब नेहमीपेक्षा बरेच तरुण दिसत होते. काळू पाटी घेऊन लगबगीने त्यांच्याकडे निघाला.

हौसाबाई मध्ये आडवी झाली.

"कुठं निगाला? रांग हाय. टिकली पयली."

"अगं पण सायेब..."

"सायेब आज आलं. ही कवापासनं उबी हाय."

काळूने माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे. साहेबांनी एकदा पाठ खाजवली, दुसऱ्यांदा खाजवली, आणि मुकाट्याने जाऊन टिकलीच्या मागे उभे राहिले. टिकली शेणाचा वास घेऊन मागे सरायला लागली, तशी त्यांनी वाकून तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि काळूला म्हणाले, "मानेला जास्त लाव. तिथे फार होतं."